आज कोणाला सोडायचं?

१

होंकालांच्या होडीच्या शेडमध्ये सकाळी एकच प्रश्न विचारला जाई. वारा कुठून आहे, ढग किती आहेत, हे काका-पुतणी दोघंही येता येता बघून आलेले असत. आर्मासकाका दाराची कडी काढायचा, भिंतीवरच्या लांब फळीसमोर उभा राहायचा, न पेटवलेला पाइप दातांत धरायचा आणि म्हणायचा, "बोल राइली, आज कोणाला सोडायचं?"

फळीवर ओळीने खिळे होते आणि खिळ्यांवर घराण्यातली मेलेली माणसं टांगलेली होती.

म्हणजे त्यांचे चमचे. स्यूव्हा तळ्याच्या काठावर फिनलंडहून येऊन वसलेल्यांची जी थोडी घरं होती, त्यांची ही जुनी रीत. मुलाच्या बाप्तिस्म्याला नाव कोरलेला चांदीचा चमचा द्यायचा. माणूस जन्मभर त्याच चमच्याने कॉफी ढवळायचा. तो गेला की चमच्याचे दोन तुकडे करायचे. नावाचा दांडा शवपेटीत, त्याच्या हाताखाली जायचा. पुढची खोलगट वाटी घरी राहायची. तिला ठोकून बाक द्यायचा, दोन्ही टोकांना भोकं पाडायची, एकीकडे कडी आणि दुसरीकडे तीन काट्यांचा गळ लावायचा. पाण्यात ओढला की असा चमचा जखमी माशासारखा डोलतो, आणि खोलातला ट्राउट मासा त्यावर झेप घेतो. त्या चमच्यावर आलेला पहिला मासा घरातल्या सगळ्यांनी एका टेबलाशी बसून खायचा. तेवढं झालं की रडणं संपलं. मग चमचा फळीवर जायचा.

आणि फळीवर गेला तरी माणसाचा स्वभाव सुटायचा नाही. सेराफिना आजी रुंद आणि जड. ढगाळ दिवशी खोल पाण्यात संथ डुलत जायची. नेस्तोरीआजोबा अरुंद, पातळ, नुसता फडफडणारा. त्याला लख्ख ऊन लागायचं. लेंपीआत्याचा चमचा नुसत्या मुलाम्याचा, त्याची चांदी झिजून आतलं पितळ दिसू लागलं होतं, त्यामुळे पावसानंतर पाणी चहासारखं झालं की तिच्याइतकं कोणी चालत नसे.

"नेस्तोरीआजोबा," राइली म्हणाली. "ऊन आहे आणि मासे अजून वरच्या थरात असतील."

"जिवंतपणी हा माणूस लग्नाला जेवणं उरकल्यावर पोचायचा," काका खिळ्यावरून चमचा काढत म्हणाला, "आणि आता पहिल्या फेरीत मासा आणतो. मेल्यावर माणसं सुधारतात बघ."

राइली पश्चिम किनाऱ्यावर मत्स्यशास्त्र शिकून परतली होती. तिथे मिळालेली नोकरी तिने सोडली होती, कारण स्यूव्हाच्या तळाशी तिच्या वयापेक्षा जास्त वयाचे ट्राउट आहेत आणि त्यांना कोणीतरी राखलं पाहिजे, असं तिच्या मनाने घेतलं होतं. हाताहून लांब मासा आला तर परत सोडा, हे ती घरोघर जाऊन सांगे. लोक कॉफी पाजत, मान हलवत. काका तिला पाद्रीणबाई म्हणे. पण त्याच्या होडीत आलेला मोठा मासा तो आता सोडून देई, तोंडाने शिव्या देत.

फळीच्या शेवटी एक खिळा रिकामा होता. त्याच्याकडे दोघंही बघत नसत.

२

तो खिळा तिच्या बाबांचा, कालेर्वोचा.

दोन वर्षांपूर्वी, पाणी गोठायच्या आधीच्या दिवसांत, तो तळ्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकासमोरच्या डोहावर जाळी काढायला गेला आणि परत आला नाही. होडी सापडली. वारा नव्हता तरी ती जागच्या जागी हळूहळू गोल फिरत होती, असं काकाने तेव्हा सांगितलं होतं आणि पुन्हा कधी सांगितलं नाही. माणूस सापडला नाही. तिथे खाली पाणी इतकं थंड की बुडालेलं काही फुगून वर येत नाही. राइली हे शिकली होती, कारणासकट. तेव्हा ती परीक्षेला बसली होती.

तिची आई, हिल्या, टोकावरच्या घरात एकटी राहत होती. रोज सकाळी ती दोन कप मांडायची. दुसऱ्या कपात दोन वड्या साखर घालायची आणि बाबांच्या चमच्याने ढवळायची. बाबा डावखुरा, तो नेहमी उलटं ढवळायचा, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. आईला उजव्या हाताने तसं सहज जमत नसे. मनगट अवघडायचं, तरी ती उलटंच ढवळायची. मग चमचा कपाच्या काठावर दोनदा वाजवायची. टण्, टण्. तीही त्याचीच सवय. स्वयंपाकघरात दुसरा आवाज नसे. स्टोव्हमधलं लाकूडसुद्धा तेवढा वेळ गप्प असल्यासारखं वाटे.

कॉफी निवली की ती कप घेऊन धक्क्याच्या टोकाशी जायची आणि तळ्यात ओतायची.

गेल्या हिवाळ्यात ती तिथेच बर्फावर घसरून पडली. पाय मोडला. काका त्या दिवशी शहरातून सहज आला होता म्हणून वाचली. हिवाळ्यात टोकाजवळ दुसरं कोणी नसतं. काकासुद्धा थंडर बे शहरातल्या गिरणीत कामाला जातो.

"या हिवाळ्यात तू माझ्याबरोबर शहरात चल," राइलीने आल्या दिवसापासून चालवलं होतं. आई भांडत नसे. "मग याची कॉफी?" एवढंच विचारी, जणू घरातल्या म्हाताऱ्याला कोण बघणार असं.

३

सप्टेंबर निम्मा झाला. बर्चच्या झाडांची पानं पिवळी पडली. महिनाअखेरीला ट्राउटची बंदी सुरू व्हायची होती. एका सकाळी राइलीने आईसमोर मनातलं मांडलं. बाबांचा चमचा कापू. त्यावर मासा आणू. सगळे मिळून खाऊ. इतरांसाठी करतो ते त्याच्यासाठीही करू, म्हणजे तुला उठता येईल.

आईने हातातला कप पुसून ठेवला. मग म्हणाली, "त्याच्या चमच्यावर मासा आला, तर खाईन. खाल्ला की तुझ्याबरोबर येईन, वर्षभर म्हणालीस तरी. नाही आला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

काकाने मात्र कापायला साफ नकार दिला. ज्याला पेटीत ठेवलं नाही त्याचा चमचा कापत नाहीत, हे त्याने लहानपणी ऐकलं होतं.

"का पण?" राइलीने विचारलं.

"मला काय माहीत? आजीला विचार," तो म्हणाला आणि सेराफिनाच्या खिळ्याकडे पाइप दाखवला. पण हसला नाही.

ज्या गोष्टीचं कारण कोणालाच सांगता येत नाही, ती भीती असते आणि भीतीने आईचा अजून एक हिवाळा जाईल, असं राइलीचं मत होतं. तिने चमचा स्वतः कापला. शेडमध्ये वाइसच्या लोखंडी जबड्यांत फडकं घालून दांडा पकडला आणि लोखंडी करवत चालवली. चांदी मऊ असते. ती लोखंडासारखी किंचाळत नाही. तिने एक लांब, दबलेला आवाज काढला. तो करवत थांबल्यावरही शेडच्या फळ्यांमध्ये थोडा वेळ होता. भिंतीवरचे सगळे चमचे हलत होते. करवतीच्या हादऱ्याने हलणारच.

वाटीला बाक देताना तिने मन लावून काम केलं. खोल पाण्यात रंग मरतात. आधी लाल, मग पिवळा. उरते ती झळाळी आणि डुलण्याचा धक्का, जो मासा अंगाने ऐकतो. म्हणून तिने वाटीच्या पाठीवर हातोडीने बारीक खड्डे पाडले, कडा कानशीने पातळ केल्या. सुंदर चमचा झाला. फळीवर इतका सुंदर दुसरा नव्हता.

उरला दांडा. त्यावर "कालेर्वो" कोरलेलं होतं. तो जायचा पेटीत, आणि पेटीच नव्हती. तिने तो थोडा वेळ हातात धरला, मग स्वयंपाकघरातल्या खणात काट्यासुऱ्यांबरोबर ठेवून दिला.

४

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी ते डोहावर गेले. इथे काका मोटर लावून फिरत नसे. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार हाताने खाली सोडायची आणि हाताने खेचत, सोडत, चमचा तळाजवळ नाचवायचा. तार बोटांना सगळं सांगते. मासा नुसता जवळून गेला तरी कळतं.

शेजारी शेजारी दोन तारा सोडल्या. काकाकडे सेराफिना आजी, राइलीकडे बाबा. आजीने अर्ध्या तासात मासा दिला, जेवणापुरता, गुबगुबीत. बाबांच्या तारेवर काही नाही. जवळून जाणं नाही, चाटणं नाही. तार नुसती उभी होती, जणू खालचं पाणी रिकामं झालं होतं.

"लाजतोय," काका म्हणाला. "पहिलाच दिवस आहे त्याचा."

राइलीने तार वर घेतली. हातात येणारी तार बर्फासारखी होती, बोटं लाल झाली. शेवटी चमचा पाण्याबाहेर आला. तिने तो तळहातावर घेतला आणि लगेच सोडला. तो होडीच्या तळावर पडून खणखणला.

"काय झालं?"

तिने पुन्हा उचलला. चमचा कोमट होता. कोमटही नाही, त्याहून थोडा जास्त. कॉफीच्या कपातून आत्ताच काढून बशीत ठेवलेला चमचा असतो, तेवढा.

तिने तो काकाच्या हातात दिला. काकाने मुठीत धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग गालाला लावला. आणि परत दिला.

ऊन असेल, तिने स्वतःला सांगितलं. ऊन तर होतंच. पण ऊन आजीवरही पडत होतं, आणि आजी दात वाजतील इतकी गार होती.

५

दुसऱ्या दिवशी तिने तापमापक आणला. खोलातलं तापमान धरून ठेवणारा, काचेच्या नळीतला, विद्यापीठातून आलेल्या सामानातला. चमच्याच्या वीतभर वर तारेला बांधून तिने दोन्ही एकत्र सोडले. वाट पाहिली. वर घेतले. तापमापक चार अंशावर होता, या तळ्याच्या तळाशी उन्हाळा-हिवाळा जेवढं असतं तेवढंच. चमचा उबदार होता.

तिने पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चमचा उबदार होता आणि त्याचा गळ नव्हता.

गळ तुटला असता तर कडी वाकली असती. कडी जशीच्या तशी होती, घट्ट मिटलेली. कोणीतरी नखाने उघडून, गळ काढून, पुन्हा नीट दाबून बसवावी तशी. चमच्यावर ओरखडा नव्हता. उलट तिने ठेवलेले हातोडीचे बारीक खड्डे आता गुळगुळीत वाटत होते, वापराने वर्षानुवर्षं झिजल्यासारखे.

"कडी तूच नीट मिटली नसशील," काका म्हणाला. त्याच्या आवाजात विनंती होती.

"नसेन," राइली म्हणाली. दोघांनाही त्याने बरं वाटलं.

तिने नवा गळ न लावता चमचा तसाच सोडला. का, ते तिला सांगता आलं नसतं. शास्त्रज्ञाने एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे तिने मनात म्हटलं. तार खाली गेली आणि थांबली. वारा पडलेला होता. तळं असं सपाट होतं की पलीकडच्या झाडांच्या प्रतिबिंबांची टोकं होडीला टेकत होती. मग तिने पाहिलं की तार जिथे पाण्यात शिरते तिथे एक लहानसं वर्तुळ उमटतंय. तार हळूहळू गोल फिरत होती. बोटांना ओढ नव्हती, झटका नव्हता. फक्त एक शांत, न चुकणारं फिरणं, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, पुन्हा, पुन्हा.

चमचा पाण्यात फिरतो, तारेला पीळ पडतो, पीळ सुटताना तार फिरते. हे सगळं खरं होतं. पण पीळ सुटतो तो उसळत, वेगाने आणि मग मंदावत. हे मंदावत नव्हतं.

काका तिच्या हाताकडे बघत होता. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती, चर्चमध्ये ठेवतात तशी.

"कोणत्या बाजूने फिरतंय बघ," तो हळूच म्हणाला.

तिने आधीच पाहिलं होतं. घड्याळाच्या विरुद्ध.

तिला भीती वाटली, पण तिने कल्पिली असती तशी नाही. पळून जावंसं वाटलं नाही. रात्री उघड्यावर झोपलेल्या माणसाला जाग यावी आणि वर सगळं आकाश दिसावं, तसं काहीतरी झालं. आपला आवाज मोठा होऊ नये, एवढंच तिला वाटलं.

६

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा आई काटे-सुऱ्यांचा खण उघडून उभी होती. तिच्या हातात दांडा होता.

"हा इथे का?"

"कुठे ठेवणार, आई? पेटी नाही."

आईने दांड्यावरचं नाव अंगठ्याने पुसलं. रागावली नव्हती. मीठ कमी पडलं आहे हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, "बिनदांड्याच्या चमच्याने तो ढवळणार कसं? बोटं भाजतील त्याची."

राइलीने तिला चमच्याची ऊब सांगितली नव्हती. काकानेही नव्हती; तो परस्पर आपल्या घरी गेला होता. राइली खुर्चीवर बसली. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, स्टोव्हवर किटली होती, सगळं रोजचं होतं.

"उद्या मीही येते," आई म्हणाली.

दुसरा दिवस हंगामाचा शेवटचा होता. आईने थर्मासमध्ये कॉफी भरली, साखरेच्या वड्या आणि बाबांचा कप घेतला. दुपार होत आली होती. रात्री वारा सुटून गेला होता, त्यामुळे डोहाभर बर्चची पिवळी पानं तरंगत होती, काठापासून काठापर्यंत, इतकी की होडी पानांमधून वाट काढत गेली. आता वारा अजिबात नव्हता.

राइलीने गळ लावला नाही. वाटीच्या भोकातून आणि दांड्याच्या कापल्या टोकाला पाडलेल्या नव्या भोकातून तिने तारेचा एक तुकडा ओवला आणि दोन्ही तुकडे जिथे कापले होते तिथे जोडून घट्ट आवळले. मग चौकटीवरची लांब तार दांड्याच्या शेंड्याला बांधून चमचा पाण्यात सोडला. तो लखलखत, तिरका होत, दिसेनासा झाला. तार पुष्कळ गेली. मग तळ लागल्यासारखी सैल पडली.

काही झालं नाही. काकाने खाकरून घसा साफ केला. आईने कपात कॉफी ओतली, साखर घातली आणि ढवळायला काही नाही हे लक्षात येऊन कप तसाच मांडीवर धरला.

आधी काकाला दिसलं. त्याने फक्त बोट दाखवलं.

होडीजवळची पानं सरकत होती. मग त्यांच्या पलीकडची. मग त्यांच्याही पलीकडची. आवाज नाही, लाट नाही, वाऱ्याची झुळूक नाही, आणि काठापासून काठापर्यंतचं सगळं पिवळं पाणी हळूहळू फिरू लागलं. होडी त्याच्याबरोबर फिरली. टोकावरचं घर डावीकडून आलं, समोरून गेलं, मागे गेलं. पुन्हा आलं. अख्खा डोह एका संथ, सवयीच्या हाताने ढवळला जात होता, उलट्या बाजूने.

राइलीने होडीच्या काठावरून खाली वाकून पाहिलं. पानं बाजूला झाली होती आणि ऊन सरळ खाली उतरत होतं. तिला आधी एक पाठ दिसली, करडी, फिकट ठिपक्यांची, तिच्या अख्ख्या पायाएवढी लांब. मग दुसरी. मग ती किती आहेत हे बघायचं तिने सोडून दिलं. ज्या म्हाताऱ्या ट्राउटांबद्दल ती घरोघर सांगत होती, जे कोणी एकत्र पाहिलेच नव्हते, ते सगळे तिथे होते. पाणी फिरत होतं आणि ते स्थिर होते. गोल करून, तोंडं आत करून, कल्ले संथ हलवत, म्हातारी माणसं टेबलाभोवती बसतात तसे.

हातातली तार आणखी सैल झाली. तिने खेचली नव्हती. तारेची वेटोळी पाण्यावर येऊन पडू लागली, एकावर एक. म्हणजे खालचं टोक वर येत होतं.

ते फार वर आलं नाही. जिथे ऊन संपतं आणि हिरवं काळं होतं, तिथे थांबलं. तिथे चांदी चमकली. तारेला टांगलेली वस्तू लोंबते. हा चमचा लोंबत नव्हता. वाटी खाली, दांडा वर, जरासा तिरका, तर्जनी आणि अंगठ्यामध्ये धरतात तसा उभा होता आणि गोल फिरत होता. त्याच्या दांड्याशी काहीतरी फिकट होतं. ते माशाचं पोट असू शकेल, उन्हाची तिरीप असू शकेल. राइलीने डोळे मिटले नाहीत, पण नजर थोडी बाजूला घेतली, समोरच्या माणसाचं जेवण चाललेलं असताना आपण घेतो तशी.

"अजून गरम आहे," आई म्हणाली आणि कप पाण्यावर कलता केला.

कॉफी पसरली नाही. तपकिरी दोऱ्यासारखी एकसंध खाली उतरत गेली, माशांच्या वर्तुळातून, उन्हातून, जिथे हिरवं संपतं तिथपर्यंत.

मग पानं मंदावली. होडी थांबली. खाली फक्त पाणी होतं. राइलीने तार गुंडाळली. टोकाला काही नव्हतं, गाठसुद्धा नाही. तारेचं शेवटचं वीतभर टोक उबदार होतं.

काकाने दोनदा मोटरची दोरी ओढायचा प्रयत्न केला. आईने कप डोहात बुडवून विसळला आणि पिशवीत ठेवला.

"चल आता, थंडी वाजतेय," ती म्हणाली. "माळ्यावर माझी मोठी ट्रंक आहे, ती काढ. तुझ्या शहरात गाद्या तरी बऱ्या आहेत का?"

राइलीला क्षणभर कळलं नाही. "पण आई, मासा तर आला नाही."

"एवढे मासे बघितलेस आणि एकही पुरला नाही होय तुला?" आई म्हणाली. मग टोकावरच्या घराकडे बघत, हलक्या आवाजात, "त्याचा चमचा त्याच्याकडे पोचला. आता त्याचं तो ढवळून घेईल."

७

डिसेंबरात तळं गोठलं. आई राइलीकडे होती. सकाळी एकच कप मांडायची, खिडकीशी बसून ट्रामच्या जुन्या रस्त्यावरचं बर्फ काढणारी गाडी बघायची आणि गाड्या चालवणाऱ्यांना नावं ठेवायची. झोपायची गाढ.

नाताळाच्या आधी काका घराचं छप्पर बघायला टोकावर जाऊन आला. येऊन त्याने बूट काढले, कॉफी घेतली, गिरणीतल्या चार गोष्टी सांगितल्या. मग म्हणाला, बर्फ सगळीकडे हातभर जाड झाला आहे, त्याने भोकं पाडून बघितली. फक्त डोहावर एक गोल जागा आहे, परातीएवढी. तिथे धरत नाही. वाफ निघते.

"खालून झरा असेल," राइली म्हणाली.

"असेल," काका म्हणाला. "पाणी फिरतंय मात्र. थांबतच नाही. मी तासभर उभा होतो."

आईने उठून डबा उघडला, मूठभर साखरेच्या वड्या रुमालात बांधल्या आणि राइलीच्या कोटाच्या खिशात घातल्या.

"नुसतंच ढवळत बसलाय," ती म्हणाली. "मी निघण्याच्या गडबडीत त्याच्यापाशी साखर ठेवायला विसरले."

पुढच्या रविवारी राइली आणि काका टोकावर गेले. दिवस स्वच्छ होता, थंडी नाकात टोचत होती. काका काठावर थांबला. तू जा, म्हणाला. ती एकटी बर्फावरून चालत गेली. वाफ दुरूनच दिसत होती, सरळ वर जाणारी, बारीक. जवळ गेल्यावर ती गुडघ्यांवर बसली. पाणी काळं होतं आणि हळूहळू फिरत होतं, उलटं. कडा कपाच्या कडेसारखी गोल आणि गुळगुळीत होती.

तिने काही मोजलं नाही. तापमापक आणला होता, तो खिशातून काढला नाही. रुमालाची गाठ सोडून साखरेच्या वड्या एकेक करून पाण्यात सोडल्या. त्या खाली गेल्या. मग ती उठली आणि काठाकडे चालू लागली, कारण कोणाच्या कॉफीपाशी उभं राहून बघत बसू नये.

अर्धी वाट आली असेल, तेव्हा मागून आवाज आला. स्वच्छ, लहान, धातूचा.

टण्, टण्.

कडाक्याची थंडी पडली की बर्फ असा वाजतो. हे ती शिकली होती, कारणासकट. काठावर काकाने टोपी काढली होती आणि तो तिच्याकडे नव्हे, तिच्या मागे बघत होता.

ती वळली. वाफ थांबली होती.

ढवळून झालं होतं.